सूर्य मावळल्यानंतरची वीज : कोळशाची जागा नेमके काय घेऊ शकते?

२०२५ च्या मध्यावर भारताने विजेच्या बाबतीत एक महत्त्वाचा टप्पा ओलांडला. देशातील वीजनिर्मितीच्या एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता सौर, पवन, जल, अणू आणि जैवइंधन अशा जीवाश्म इंधनांवर न चालणाऱ्या स्रोतांची झाली, आणि तीही २०३० या ठरवलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी. ही बातमी वाचल्यावर आपल्या घरातील निम्मी वीज आता कोळशाशिवाय येते, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात त्याच सुमारास देशात तयार होणाऱ्या दर चार युनिटांपैकी जवळपास तीन युनिटे कोळशातूनच येत होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे समजून घेतले म्हणजे भविष्यातील ऊर्जास्रोतांचा प्रश्न अर्धा उलगडतो.

स्थापित क्षमता म्हणजे एखादे यंत्र पूर्ण जोराने चालले तर किती वीज देऊ शकेल याचा आकडा. एक मेगावॅटचे यंत्र चोवीस तास अखंड चालले तर २४ हजार युनिटे मिळतील. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प मात्र आपल्याकडे दिवसाला सरासरी साडेचार ते पाच हजार युनिटे देतो, कारण रात्री सूर्य नसतो, सकाळ-संध्याकाळ तो तिरपा असतो आणि आषाढ-श्रावणात तो ढगाआड असतो. तेवढ्याच क्षमतेचा औष्णिक, म्हणजे कोळशावर चालणारा, संच दिवसाला पंधरा-सोळा हजार युनिटे सहज देतो, आणि मुख्य म्हणजे ती हव्या त्या वेळी देतो. त्यामुळे एक मेगावॅट कोळसा बंद करून एक मेगावॅट सौर उभारला, म्हणजे हिशेब जुळला, असे होत नाही.

कोळशाचे दोष आता सर्वांना पाठ आहेत : राख, धूर, खाणींनी उकरलेली जमीन आणि वातावरणात साठत जाणारा कार्बन डायऑक्साइड. त्याचा गुण मात्र क्वचितच कोणी सांगते, आणि तो समजून घेतल्याशिवाय त्याला पर्याय शोधता येणार नाही. कोळसा हा मुळात कोट्यवधी वर्षांपूर्वीचा, वनस्पतींनी साठवून ठेवलेला सूर्यप्रकाश आहे. वीजकेंद्राच्या आवारात त्याचा ढीग रचून ठेवला की तो दहा दिवस, पंधरा दिवस तसाच पडून राहतो. मागणी वाढली की जास्त जाळायचा, घटली की कमी. ऊर्जा आणि तिचा साठा या दोन्ही गोष्टी त्याच्यात एकत्र मिळतात. सूर्य आणि वारा ऊर्जा मुबलक देतात, साठा मात्र देत नाहीत. म्हणून, माझ्या मते, ‘कोळशानंतर कोणता स्रोत?’ हा प्रश्न अपुरा आहे. दुपारची ऊर्जा रात्रीपर्यंत आणि उन्हाळ्यातली ऊर्जा पावसाळ्यापर्यंत कशी पोहोचवायची, हा खरा प्रश्न आहे.

विजेच्या बाबतीत हा प्रश्न इतका अवघड होण्याचे कारण वीजजाळ्याच्या स्वभावात आहे. तारांमध्ये वीज साठत नाही. ज्या क्षणी तुम्ही दिव्याचे बटण दाबता, त्याच क्षणी कुठल्या तरी जनित्राला तेवढा जास्त भार उचलावा लागतो. संपूर्ण देशाचे जाळे सेकंदाला ५० आवर्तनांच्या एका लयीत चालते. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की ही लय मंदावते, घटली की वेग वाढतो, आणि फरक फार झाला तर यंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप जाळ्यातून बाहेर पडतात व अंधार पसरतो. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालवण्यात आले, तेव्हा काही मिनिटांतच देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली आणि लगेच पुन्हा वर चढली. वीजजाळे सांभाळणाऱ्या अभियंत्यांनी त्या रात्रीसाठी आधीपासून तयारी केली होती आणि त्या तयारीचा कणा होता जलविद्युत. औष्णिक संचाचा भार कमी-जास्त करायला बराच वेळ लागतो, कारण बाष्पकाच्या (बॉयलरच्या) जाड धातूला तापमानातले झटके सोसत नाहीत. पाण्यावर चालणाऱ्या टर्बाइनची झडप मात्र काही मिनिटांत उघडता-मिटता येते. ती नऊ मिनिटे कोणताही बिघाड न होता पार पडली.

सौरऊर्जेमुळे अशी चढ-उतार आता रोजचीच होत चालली आहे. दुपारी बारा ते तीन या वेळेत सौर वीज इतकी येते की औष्णिक संचांना भार कमी करावा लागतो. साडेपाचच्या पुढे ती वेगाने ओसरते आणि नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही आणि आता एसीही सुरू होतात. संध्याकाळच्या त्या दोन-तीन तासांत उणीव भरून काढणारे जे काही असेल, तेच कोळशाचा खरा वारसदार ठरेल.

या कामासाठी महाराष्ट्राकडे एक देणगी आहे, ती म्हणजे सह्याद्रीचा कडा. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पलीकडे घाटघर येथे २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे; तो २००८ मध्ये सुरू झाला. उदंचन म्हणजे पाणी वर खेचणे. घाटमाथ्यावर प्रवरेच्या पाण्याचा एक जलाशय आहे आणि कड्याखाली, ठाणे जिल्ह्यात, दुसरा. दोन्हींच्या पातळीत सुमारे ४०० मीटरचा फरक आहे. दिवसातले सुमारे सहा तास पाणी वरून खाली सोडून वीज तयार केली जाते. मग उलट दिशेने तीच यंत्रे पंप म्हणून चालवून खालचे पाणी पुन्हा वर चढवले जाते. पाणी तेच, यंत्रही तेच. फक्त विजेची वेळ बदलते.

यात किती ऊर्जा साठते, हे एका साध्या हिशेबाने पाहता येते. हजार लिटर पाणी, म्हणजे गच्चीवरची एक मोठी टाकी, ४०० मीटर उंचीवरून खाली आले, तर त्यातून साधारण एक युनिट वीज मिळते. एका मध्यमवर्गीय घराला दिवसाला सात-आठ युनिटे लागतात असे धरले, तर त्या घरासाठी रोज एक टँकरभर पाणी संपूर्ण घाट उतरून यायला हवे. हेच एक युनिट औष्णिक केंद्रात तयार करायला सुमारे ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा पुरतो. एका बाजूला हजार लिटर पाणी आणि अख्खा सह्याद्री, दुसऱ्या बाजूला ओंजळभर कोळसा! कोळसा सोडणे इतके जड का जाते, याचे उत्तर या एका तुलनेत आहे. त्याच वेळी, तो ओंजळभर कोळसा जाळला की कायमचा जातो आणि पाणी मात्र पुन्हा वर चढवता येते, हेही विसरून चालणार नाही.

अर्थात वर चढवताना घातलेली सगळी वीज परत मिळत नाही. शंभर युनिटे खर्च केली तर पंचाहत्तर ते ऐंशी हाती येतात. बाकीची घर्षणात आणि यंत्रांच्या तापण्यात जातात. पूर्वी हा व्यवहार असा होता : मध्यरात्रीनंतर औष्णिक केंद्रांची वीज उरत असे, ती वापरून पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळच्या मागणीच्या वेळी खाली सोडायचे. सौरऊर्जेने हे वेळापत्रकच फिरवून टाकले आहे. आता पाणी चढवण्याची सर्वांत चांगली वेळ म्हणजे भर दुपार. कोळशाच्या सोयीसाठी आखलेली कल्पना सूर्याच्या सोयीसाठी जशीच्या तशी उपयोगी पडावी, याचे मला नेहमी समाधान वाटते.

सह्याद्रीच्या या उताराचा उपयोग आपल्याकडे नवा नाही. लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीला उतरवून १९१५ मध्ये टाटांनी मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली, तेव्हा मुंबईच्या हवेतला कोळशाचा धूर कमी व्हावा हाही त्यामागचा एक विचार होता. पुढे भिवपुरी आणि भिरा ही केंद्रे आली, आणि भिऱ्याला १५० मेगावॅटचा उदंचन संचही बसला. कोयनेचे १९६० मेगावॅट आजही राज्याची संध्याकाळ सावरतात. आता भिवपुरी येथे १००० आणि शिरवटा येथे १८०० मेगावॅटचे उदंचन प्रकल्प उभारण्याचा करार टाटा पॉवर आणि राज्य शासन यांच्यात २०२३ मध्ये झाला आहे, आणि घाटमाथ्यावरच्या इतर अनेक जागांचीही चर्चा सुरू आहे.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. ज्या पाण्यातून मुंबईला धूर नसलेली वीज मिळाली, त्याच पाण्याखाली मुळशी पेट्याची गावे गेली, आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांनी तिथे सत्याग्रह केला. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्यांनाही पुनर्वसनासाठी आंदोलने करावी लागली. वीज स्वच्छ असली म्हणजे तिची किंमत कोणी मोजलीच नाही, असे होत नाही. उदंचन प्रकल्पांचे जलाशय मोठ्या धरणांच्या तुलनेत लहान असतात आणि नदीच्या मुख्य प्रवाहापासून दूरही बांधता येतात, ही त्यांची जमेची बाजू. तरीही घाटमाथ्यावरची जंगले, सडे (खडकाळ पठारे) आणि तिथल्या वाड्या-पाडे यांचा विचार आराखड्याच्या पहिल्या पानावर असला पाहिजे; शेवटच्या परिशिष्टात नव्हे.

साठवणुकीचा दुसरा मार्ग म्हणजे बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली, तिच्या शोधासाठी २०१९ मध्ये तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि २०१० नंतरच्या दशकात तिची किंमत सुमारे नव्वद टक्क्यांनी उतरली. तिला डोंगर लागत नाही, धरण लागत नाही. ती वर्षभरात उभी राहते आणि घातलेल्या विजेपैकी पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक परत देते. दोन ते चार तासांच्या साठ्यासाठी तिच्याशी स्पर्धा करणे आता कठीण होत आहे. तिचे आयुष्य मात्र दहा-पंधरा वर्षांचे असते, तर चांगले धरण दोन-तीन पिढ्या टिकते; शिवाय लिथियमसाठी आपण परदेशांवर अवलंबून आहोत. म्हणून मिठातल्या सोडियमवर चालणाऱ्या बॅटरीकडे जगाचे लक्ष लागले आहे, आणि पुण्याच्या आयसर या संस्थेतही त्यावर संशोधन झाले आहे. सोडियमची बॅटरी तेवढ्याच विजेसाठी जास्त जड होते. पण वीज उपकेंद्राशेजारी जमिनीवर ठेवायच्या बॅटरीला वजनाची फारशी अडचण नसते.

परंतु सर्वांत स्वस्त साठवणूक ही साठवणूकच नसते. विजेला मागणीपर्यंत ओढत नेण्याऐवजी मागणीलाच विजेच्या वेळेवर आणता आले तर ना धरण लागते, ना बॅटरी. महाराष्ट्रात यासाठी शेतीपंपांइतके योग्य उदाहरण दुसरे नाही. राज्यातील विजेचा मोठा वाटा विहिरी आणि बोअरमधून पाणी उपसण्यात जातो. वर्षानुवर्षे ही वीज पाळीपाळीने मिळत आली : काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकरी मध्यरात्री उठून, हातात बॅटरी आणि खांद्यावर फावडे घेऊन दारे धरायला जातो. उसात किंवा गव्हात एका सरीचे पाणी दुसरीत वळवताना पायाखाली साप आहे की नाही, हे दिसत नाही. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर या भागांत उसात बिबट्याही असतो. थंडीतल्या पहाटे गार पाण्यात उभे राहणे वेगळेच. रात्री वीज देण्याचे कारण एवढेच होते की दिवसा उद्योग-शहरांना वीज लागे आणि रात्री औष्णिक केंद्रांची वीज उरे. म्हणजे कोळशाच्या केंद्राची सोय पाहून शेतकऱ्याचा दिवस ठरत होता.

सौरऊर्जा नेमकी दुपारी उरते आणि पिकाला पाणी कोणत्याही वेळी चालते. म्हणून गावाच्या वीज उपकेंद्रापासून जवळ काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीचा फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज पुरवणारी वाहिनी, त्याच्यावर टाकायचा, ही कल्पना मला राज्याच्या ऊर्जाधोरणातील सर्वांत अर्थपूर्ण वाटते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथून प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि उद्दिष्ट १६ हजार मेगावॅटपर्यंत नेण्यात आले. वैजापूर तालुक्यातील धोंदलगावचा तीन मेगावॅटचा प्रकल्प हा दुसऱ्या टप्प्यातला पहिला. वीज गावाशेजारीच तयार होऊन गावातच वापरली गेली की लांबच्या वाहिन्यांमधली गळतीही वाचते. विहिरीतून दिवसा उपसलेले आणि शेतात पोहोचलेले पाणी हाच इथे विजेचा साठा होतो.

या योजनेतही एक सल आहे. प्रकल्पांसाठी सरकारी आणि गायरान जमिनी वापरल्या जातात, आणि कागदावर ‘पडीक’ दिसणारे गायरान हे शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या, भूमिहीन कुटुंबांच्या जगण्याचा आधार असते. खासगी जमीन भाड्याने देणाऱ्या शेतकऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये मिळतात. गायरानावर चारणाऱ्याला काही मिळत नाही. शेतकऱ्याची रात्र सुखाची करताना मेंढपाळाचा दिवस हिरावला जाऊ नये, यासाठी ग्रामसभेत आधी बोलणे होणे आवश्यक आहे.

सूर्य पावसाळ्यात मंदावतो, ही उणीव काही अंशी वारा भरून काढतो. साताऱ्याच्या वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या तिथल्या मोसमी वाऱ्यामुळे, आणि त्यांची वर्षभरातली बरीचशी वीज जून ते ऑगस्टमध्येच तयार होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते. म्हणून जागेची निवड इथे फार महत्त्वाची ठरते. जुन्या, बुटक्या पवनचक्क्या काढून त्याच जागी उंच आणि मोठ्या पात्यांच्या उभारल्या, तर नवी जमीन न घेता कितीतरी जास्त वीज मिळू शकेल.

आतापर्यंत बोललो ते फक्त विजेबद्दल. पण आपण वापरत असलेल्या एकूण ऊर्जेत विजेचा वाटा जेमतेम एक पंचमांश आहे. बाकीची ऊर्जा गाड्यांच्या टाकीत, कारखान्यांच्या भट्टीत, चुलीत आणि खतनिर्मितीत थेट जळते. यातला काही भाग विजेवर आणणे सोपे आहे, आणि आणल्यावर मुळात ऊर्जाच कमी लागते. पेट्रोलच्या गाडीत इंधनातील ऊर्जेचा पाव भाग चाकापर्यंत पोहोचतो आणि उरलेला उष्णता होऊन जातो. विजेवरच्या गाडीत हेच प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास असते. त्यामुळे आज जळणाऱ्या प्रत्येक लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा उद्या नव्याने तयार करावी लागेल, ही भीती अनाठायी आहे.

गाड्यांचा विषय निघाला की महाराष्ट्रात इथेनॉलचा विषय निघतोच. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले, आणि साखर कारखान्यांना त्यातून वेळेवर पैसे मिळू लागले, हा लाभ खरा आहे. तरीही ऊर्जेच्या दृष्टीने हिशेब करून पाहावा. एकरी ४० टन ऊस आणि टनाला रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल धरले, तर एका एकरातून वर्षाला २८०० लिटर मिळते. त्यातली उष्णता सुमारे १६ हजार युनिटांइतकी होते. त्याच एका एकरावर सौरपट्ट्या बसवल्या तर वर्षाला साडेतीन लाख युनिटांच्या आसपास वीज मिळते, म्हणजे वीसपटीहून जास्त, आणि तीही पाट-पाण्याशिवाय. याचा अर्थ ऊस उपटून सौरपट्ट्या लावाव्यात असा मुळीच नाही. सुपीक जमिनीचे काम अन्न पिकवणे हे आहे. परंतु वनस्पती सूर्यप्रकाशाचा एक टक्का जेमतेम पकडते आणि आजची सौरपट्टी वीस टक्क्यांहून अधिक पकडते, हा निसर्गाचा नियम धोरणाने बदलत नाही. इथेनॉल, मळी आणि बगॅस (उसाचे चिपाड) यांना मर्यादित जागा आहे. भविष्याचा मुख्य आधार म्हणून त्यांच्याकडे पाहणे चुकीचे ठरेल, विशेषतः मराठवाड्यासारख्या पाणीटंचाईच्या प्रदेशात.

भट्ट्या आणि खतांसाठी वीज थेट चालत नाही, तिथे हायड्रोजन येतो. पाण्यातून वीज सोडली की त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, हे आपण शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिलेले असते. ती वीज सौर किंवा पवन असेल तर त्याला हरित हायड्रोजन म्हणतात. एक किलो हायड्रोजन मिळवायला सुमारे ५० ते ५५ युनिटे वीज आणि किमान नऊ लिटर शुद्ध पाणी लागते, आणि त्या एका किलोत ऊर्जा असते ३३ युनिटांची. ती पुन्हा विजेत बदलली तर हाती पंधरा-अठरा युनिटे उरतात. म्हणून रोजच्या साठवणुकीसाठी किंवा मोटारी चालवण्यासाठी हायड्रोजन वापरणे म्हणजे चांगली वीज वाया घालवणे आहे, असे मला स्पष्टपणे वाटते. त्याची खरी जागा वेगळी आहे. थळच्या खत कारखान्यासारख्या ठिकाणी युरियासाठी लागणारा अमोनिया आज नैसर्गिक वायूतून काढलेल्या हायड्रोजनपासून बनतो, तो हरित हायड्रोजनपासून बनवता येईल. लोहखनिजातला ऑक्सिजन काढायला आज कोळसा लागतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेच काम हायड्रोजनने केले तर बाहेर पडते ती फक्त वाफ. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केले आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठेवले. त्या हायड्रोजनचा पहिला मान खत आणि पोलाद यांचा असायला हवा.

ढगाळ आठवड्यातही चालणारा आणि धूर न सोडणारा स्रोत म्हणजे अणुऊर्जा. तारापूरचे केंद्र १९६९ पासून वीज देत आहे. भारतीय जड पाण्याच्या अणुभट्टीत एक किलो नैसर्गिक युरेनियमपासून ४५ ते ५० हजार युनिटे वीज मिळते. तेवढीच वीज मिळवायला तीस टनांहून अधिक कोळसा जाळावा लागतो. देशात युरेनियम थोडे आणि केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवरील वाळूत थोरियम विपुल, हे ओळखून होमी भाभांनी तीन टप्प्यांचा कार्यक्रम आखला : आधी नैसर्गिक युरेनियम, मग त्यातून मिळालेल्या प्लुटोनियमवर चालणाऱ्या, जाळतात त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या भट्ट्या, आणि शेवटी थोरियम. दुसऱ्या टप्प्याची ५०० मेगावॅटची भट्टी कल्पक्कमला उभारली गेली असून तिचा गाभा भरायला मार्च २०२४ मध्ये सुरुवात झाली. तिसरा टप्पा अजून दूर आहे.

अणुऊर्जेबाबत किरणोत्साराच्या भीतीवर सर्वाधिक चर्चा होते. मला स्वतःला तिची अधिक मोठी अडचण वेळेची वाटते. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूर येथे १६५० मेगावॅटच्या सहा फ्रेंच अणुभट्ट्यांचा, म्हणजे एकूण ९९०० मेगावॅटचा प्रकल्प आखला गेला. माडबन आणि साखरी नाट्याच्या लोकांनी, विशेषतः मच्छीमारांनी, त्याला विरोध केला. त्यांचे समुद्राच्या तापमानाविषयीचे आणि मासेमारीविषयीचे प्रश्न खरे आहेत. पण विरोध बाजूला ठेवला तरी, याच प्रकारची भट्टी खुद्द फ्रान्समध्ये फ्लामानव्हिल येथे २००७ मध्ये बांधायला घेतली गेली, ती वीजजाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. तुलनेने भारतीय बनावटीच्या ७०० मेगावॅटच्या, गुजरातेत काक्रापारला चालू झालेल्या भट्ट्या आपल्या हातातल्या आहेत, आणि देशाने २०४७ पर्यंत १ लाख मेगावॅट अणुऊर्जेचे जे उद्दिष्ट ठेवले आहे, त्याचा बराच भार त्यांच्यावरच पडेल.

भू-औष्णिक आणि भरती-ओहोटीच्या ऊर्जेविषयी थोडक्यात. उन्हवरे, तुरळ, वज्रेश्वरी येथील गरम पाण्याचे झरे पाहून कोकणात वीजकेंद्र का होत नाही, असे अनेकांना वाटते. पण उकळीच्या खाली असलेल्या पाण्यातून वीज फारच थोडी मिळते. लडाखमधील पुगा खोरे त्या दृष्टीने अधिक आशादायक आहे. भरतीवरची वीज फ्रान्समध्ये ला रान्स येथे १९६६ पासून तयार होते. आपल्याकडे तेवढी उंच भरती खंबातच्या आखातात येते, कोकण किनाऱ्यावर नाही.

राहिला अणुसंमीलनाचा विषय, म्हणजे सूर्याच्या पोटात चालते ती प्रक्रिया पृथ्वीवर घडवण्याचा. हायड्रोजनच्या जड भावंडांना सुमारे १५ कोटी अंश तापमानाला नेऊन एकत्र आणायचे आणि त्यातून सुटणारी ऊर्जा पकडायची. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत लेसर किरणांनी इंधनावर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा सोडली आणि त्यातून ३.१५ मेगाज्यूल मिळाली. ही ऐतिहासिक कामगिरी होती. मात्र ते लेसर चालवायला वीजजाळ्यातून सुमारे ३०० मेगाज्यूल घ्यावे लागले होते. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ईटर या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारत भागीदार आहे, आणि त्याचे सुमारे ३८०० टनांचे महाकाय शीतपात्र, म्हणजे यंत्राच्या चुंबकांना अतिथंड ठेवणारे वेष्टन, भारतात, हजिरा येथे घडवले गेले. त्या प्रकल्पाच्या २०२४ च्या सुधारित वेळापत्रकानुसार खऱ्या इंधनावरचे प्रयोग २०३९ मध्ये सुरू होतील, आणि ईटर वीज देणार नाही, ते फक्त शक्यता सिद्ध करणार आहे. या संशोधनावर खर्च व्हायलाच हवा. पण २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे वचन देशाने दिले आहे, आणि त्यातली पहिली दोन दशके तरी आज हाती असलेल्या साधनांनीच पार करावी लागतील.

या सगळ्यात कोळसा एका रात्रीत जाणार नाही. त्याचे काम बदलत जाईल. देशातल्या औष्णिक संचांनी दुपारी आपला भार क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे ४० टक्क्यांपर्यंत खाली आणावा, अशी तयारी सुरू आहे, म्हणजे अखंड चालणारा संच हळूहळू राखीव संच होत जाईल. याचा पहिला परिणाम चंद्रपूरला जाणवेल. तिथले २९२० मेगावॅटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला साधारण ४५ ते ५० हजार टन कोळसा जाळते, आणि त्या जिल्ह्यातील खाणकामगार, ट्रकचालक, गॅरेज, खानावळी असा मोठा संसार त्याच्यावर उभा आहे. त्या जिल्ह्याने राज्याला वीज दिली आणि स्वतः मात्र राख व उकाडा सोसला, म्हणून बदलाचा पहिला पैसा तिथे जाणे मला न्यायाचे वाटते. सोयही तिथेच आहे : मोठी उपकेंद्रे, जमीन आणि कुशल हात तयार आहेत, आणि चंद्रपूर ते पडघे ही सुमारे ७५० किलोमीटरची, १५०० मेगावॅट वाहून नेणारी उच्चदाब वाहिनी १९९९ पासून विदर्भाला मुंबईच्या वेशीशी जोडते. जुने संच निवृत्त होतील तशा त्यांच्या जागी बॅटऱ्या उभ्या केल्या, आणि बंद झालेल्या खाणींच्या ओसाड जमिनीवर सौरपट्ट्या बसवल्या, तर नव्या वाहिन्यांसाठी कोणाच्या शेतात मनोरे रोवावे लागणार नाहीत.